अकरा सेकंदांचा बाप

ओब्दुलिया वेरोनला थाप मारून ती पचवलेला माणूस पुएर्तो लापाचोमध्ये अजून जन्माला यायचा होता. पस्तीस वर्षं तिनं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर अख्खं गावच वर्गात बसवलं. दर रविवारी सकाळी दहाला गावच्या रेडिओवर तिचा कार्यक्रम लागायचा, 'कोणी सांगितलं?' लोक फोन करून ऐकीव गोष्टी सांगायचे, बाई आठवडाभर त्या गोष्टीच्या मागे हात धुऊन लागायची, आणि पुढच्या रविवारी निकाल द्यायची. निकाल तीनच. खरं, खोटं, नाहीतर माहीत नाही. कोणी 'थोडंसं खरं असेल हो बाई' म्हणालं की ती फाडकन विचारायची, "थोडासा मेलेला माणूस पाहिलाय का कधी?"

कलिंगड खाऊन वर तेरेरे, म्हणजे गार पाण्यातला पाल्याचा काढा, प्यायलं की माणूस जागीच मरतो, हे पाराग्वायमध्ये अंगणात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. ओब्दुलियानं माईकसमोर अर्धं कलिंगड खाल्लं, वर थंडगार तेरेरेचा अख्खा थर्मास रिचवला आणि तासभर बोलत राहिली. त्या दिवशी निम्मं गाव रेडिओला कान लावून बसलं होतं, बाई कधी कोसळते ते ऐकायला. बाई कोसळली नाही, तर लोक म्हणाले, तिचं पोटच वेगळं आहे! विजेच्या मीटरवर पाण्याची बाटली ठेवली की बिल उतरतं, ह्या समजुतीचाही तिनं असाच निकाल लावला. पण गावातल्या भिंतींवरच्या बाटल्या काही उतरल्या नाहीत. आता बोला!

हे सगळं लोकांनी हसून घेतलं. क्रिस्पुलो आकुन्यानं मात्र नाही घेतलं. क्रिस्पुलोच्या घरात एक खाट होती. जुन्या मोठ्या युद्धात एक सेनापती पळता पळता त्या खाटेवर एक रात्र झोपला होता म्हणे. शाळांच्या सहली यायच्या, पोरं खाटेला हात लावून बघायची, क्रिस्पुलो तो प्रसंग असा सांगायचा की जणू पांघरूण त्यानंच घातलं होतं. ओब्दुलिया गेली आणि सरळ खाटेखाली शिरली. खालच्या फळीवर कारखान्याचा शिक्का होता, आणि तो कारखाना युद्धानंतर चाळीस वर्षांनी निघालेला. निकाल, खोटं. सहली बंद झाल्या. क्रिस्पुलोनं तोंडातून ब्र काढला नाही, आणि गप्प बसलेला क्रिस्पुलो म्हणजे काय ते गाव ओळखून होतं.

आठ महिन्यांनी, जूनमधल्या एका रविवारी त्याचा फोन आला.

"बाई, एक ऐकीव गोष्ट आहे. तपासाल का?"

"सांगा ना, क्रिस्पुलोदादा."

"आपल्या गावात सिनेमा झाला होता. आर्जेंटिनाच्या लोकांनी काढलेला. त्यात चौकातून एक माणूस चालत जातो, तो तुमचा बाप, असं सगळं गाव म्हणतं. कोणी सांगितलं?"

 ही गोष्ट ओब्दुलियानं लहानपणापासून ऐकली होती आणि आजवर एकदाही तपासली नव्हती. का नव्हती? ज्या बाईनं गावातली एकही खाट सोडली नाही, तिनं घरातली ही गोष्ट कशी सोडली?

"लोकांच्या डोळ्यातलं कुसळ काढून झालं असेल, तर आता घरचं मुसळ बघा म्हटलं," क्रिस्पुलो गोड आवाजात म्हणाला. "सिनेमा सापडलाय मला. इंटरनेटवर कोणी टाकलाय. पेन ड्राइव्ह तुमच्या दाराशी ठेवून जातो."

"ठेवा," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी निकाल."

बाप म्हणजे ओब्दुलियाला एक लग्नातला फोटो आणि नदीकाठचा एक क्रूस, एवढंच. एकोणीसशे एकोणसत्तरच्या मे महिन्यात लिसांद्रो वेरोन नदीत बुडाला. प्रेत मिळालं नाही. धक्क्यापाशी सदरा आणि टोपी मिळाली, तिथंच क्रूस उभा केला. तेव्हा ती तीन वर्षांची होती. नऊ दिवसांची प्रार्थना झाली, गावानं नऊ दिवस त्यांच्या घरी चूल पेटू दिली नाही. वर्ष भरल्यावर धर्ममायनं, आईच्या जिवाभावाच्या मैत्रिणीनं, स्वतः विणलेलं पांढरं कापड आणून क्रुसाच्या हातांवर पांघरलं. तिकडची रीतच आहे ती. कापड चढलं की माणसाचं इथलं सगळं आटोपलं. मग त्याच्यासाठी रडायचं नाही, त्याला हाक मारायची नाही.

सिनेमाची गोष्ट त्यानंतरची. चौऱ्याहत्तरमध्ये फिरता सिनेमा आला, चर्चच्या अंगणात चादर बांधली, आणि चादरीवर चौक दिसला. एक माणूस चालत आला, त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं, आणि शेजारची शिवणवाली तोमासा ओब्दुलियाच्या आईकडे वळून अशी किंचाळली की लोक उठून उभे राहिले. "एपिफानिया! तुझा लिसांद्रो!" ओब्दुलिया त्या रात्री तापानं घरी पडून होती. चादर गेली, सिनेमा गेला, पुन्हा कोणी पाहिला नाही. उरलं ते एवढंच, की ओब्दुलियाचा बाप सिनेमात आहे.

त्या संध्याकाळी तिनं दार लावून घेतलं आणि पेन ड्राइव्ह लावला. सिनेमा कंटाळवाणा होता. नदी, बोटी, एक नटी सारखी रडतेय. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला चौक आला.

तो डावीकडून आला. फोटोतला तो ताठ, घाबरलेला नवरदेव नव्हे. सैल खांद्यांचा, पावलं जरा लांब टाकणारा माणूस. मध्यावर थांबला, टोपी काढली, मनगटानं कपाळ पुसलं, टोपी घातली आणि निघून गेला. अकरा सेकंद. तिनं तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. अठ्ठावन्न वर्षांची बाई, नाकाला लावायला पदर नाही म्हणून बाहीनंच पुसत होती. मनगटानं कपाळ पुसायची तिचीही सवय होती. शाळेतली पोरं नक्कल करायची तिची. ही सवय कुठून आली ते आज कळलं!

इथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण स्वभावाला औषध नाही. विसाव्यांदा बघताना तिची नजर बापावरून सरकली आणि मागे गेली. मागे चर्च होतं. चर्चला मनोरा नव्हता. अर्धा तुटलेला बुंधा होता आणि त्याला बांबूची परांची बांधलेली होती.

तिनं चित्र थांबवलं. 

मनोरा वादळात पडला, हे गावाला ठाऊक होतं. कधी पडला, ते चर्चच्या वहीत होतं. सोमवारी सकाळी तिनं वही मागितली. फादर बिचारे म्हणाले, "आता देवावर संशय का बाई?" वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. वादळ, सप्टेंबर एकोणीसशे सत्तर. परांची बांधली, मे एकाहत्तर.

बाप बुडाला एकोणसत्तरमध्ये.

गावात लहानथोरांना विचारा, सिनेमा कधी झाला? अडुसष्ट. तोंडपाठ. ओब्दुलिया वही मिटून चर्चच्या पायरीवर बसली. दोनच शक्यता होत्या. एकतर तो माणूस तिचा बाप नव्हता. नाहीतर तिचा बाप बुडाला नव्हता. आणि कपाळ पुसणारं ते मनगट तिनं वीस वेळा पाहिलं होतं.

मग तिनं तेच केलं जे ती नेहमी करायची. ती तोमासाकडे गेली. तोमासाला आता सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण जीभ शाबूत होती.

"सिनेमा कधी झाला गं तोमासामावशी?"

"अडुसष्ट."

"कोणी सांगितलं?"

"आता मलाच विचारतेस होय? सगळं गाव सांगतं."

"गावाला राहू दे. तुला पहिल्यांदा कोणी सांगितलं?"

 "त्याच रात्री, चादरीपाशी. मी म्हटलं, अगं हा सिनेमात कसा? तर तुझी आई म्हणाली, बुडायच्या आदल्या वर्षी हमालीला गेला होता त्यांच्याकडे."

तिथून ती धक्क्यावर गेली, विदाल नावाड्याकडे. त्याच्याच नावेतून कॅमेरे आले होते. नव्वदीला टेकला होता, तरी रोज नावेपाशी येऊन बसायचा.

"विदालकाका, सिनेमावाले कुठल्या साली आले?"

"अडुसष्ट."

"कोणी सांगितलं?"

"मला कोण सांगणार? मीच आणले त्यांना. शिपायांनी दोर लावून आम्हाला चौकाबाहेर ठेवलं होतं, गर्दीत चालायची माणसं सुद्धा त्यांनी नदीपलीकडून, आर्जेंटिनातूनच आणली होती." त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. "माझ्या डोक्यात एकाहत्तर होतं खरं. थोरल्या पोरीचं लग्न त्याच महिन्यात झालं. पण तुझी आई म्हणाली अडुसष्ट. आणि लिसांद्रो होता ना त्यात! मेलेला माणूस एकाहत्तरमध्ये कसा चालेल? म्हटलं, माझंच चुकलं."

"आणि मग तुम्ही पन्नास वर्षं अडुसष्ट म्हणत राहिलात?"

"बाई माणूस विधवा, तिच्याशी काय सालावरून भांडायचं?"

दोघांनी बोट दाखवलं ते एकाच घराकडे, आणि त्या घराची किल्ली ओब्दुलियाच्या खिशात होती.

ती घरी आली तेव्हा एपिफानिया अंगणात खलबत्त्यात तेरेरेचा पाला कुटत होती. ऐंशी वर्षांची बाई, मनगटात अजून जोर. ओब्दुलिया समोरच्या खुर्चीवर बसली. वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"आई, तो बुडाला नव्हता."

बत्ता दोनदा पडला आणि थांबला.

"क्रिस्पुलोनं सांगितलं?"

"मनोऱ्यानं सांगितलं. वादळात तुटलेला मनोरा त्याच्या मागे दिसतोय. आणि साल तू सांगितलंस, सगळ्या गावाला, तूच."

एपिफानियानं पाला भांड्यात टाकला, पाणी ओतलं, पहिला घोट स्वतः घेतला. हात थरथरत नव्हते. ओब्दुलियाला त्याचाच राग आला.

"बोल ना! विद्यार्थी गप्प बसला की मी समजायचे काय ते. तू पण तेच करणार?"

"ओरडू नकोस. तोमासाला कमी ऐकू येतं, पण इतकं नाही." तिनं भांडं खाली ठेवलं. "सदरा आणि टोपी त्यानंच ठेवली होती काठावर. पलीकडे एक बाई होती. मला काय माहीत गं? मी खरी रडले. नऊ दिवस मी पाण्याकाठी बसून होते, तुला कडेवर घेऊन. दुसऱ्याच्या बायका मला भरवायच्या. तुझ्या धर्ममायनं तीन महिने डोळे फोडून ते कापड विणलं. वर्षभर मी काळ्या कपड्याशिवाय दाराबाहेर पडले नाही. आणि दोन वर्षांनी एका पहाटे हा परसदारात उभा! सिनेमाच्या लोकांबरोबर आला होता, गर्दीत चालायला. म्हणतो, एपिफानिया, चुकलो."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, तुझं कापड चढलंय. मेलास ना? मग मेलेलाच राहा. गावाला काय सांगू, की तुमचे अश्रू परत घेऊन जा?"

"तू त्याला हाकललंस."

"हाकललं."

"मी कुठे होते?"

एपिफानिया पहिल्यांदाच गडबडली. तिनं पदार्थ झाकावा तसा हात भांड्यावर ठेवला. "आत. झोपली होतीस. त्यानं विचारलं, एकदा बघू दे. मी नाही बघू दिलं."

ओब्दुलिया उठली. खुर्ची मागे पडली ती तिनं उचलली नाही. "पाच वर्षांची होते मी! दर वर्षी तीन मेला, क्रुसाच्या सणाला, मी त्या क्रुसाला चिपाच्या पावांची माळ घालायचे, शाळेत बापाचं नाव लिहिताना पुढे 'मयत' लिहायचे. तुझा मान राहिला. माझं काय राहिलं?"

"माझाही नवरा होता तो," आई म्हणाली. "तू ज्याच्यासाठी रडतेस त्याला तू ओळखतही नाहीस. मी ओळखत होते आणि मला दोनदा रडावं लागलं. एकदा लोकांसमोर, एकदा कोणाला कळू न देता. आणि वरून तो मेला त्या चादरीवर सगळ्या गावासमोर येऊन कपाळ पुसतो! काय सांगायचं होतं मी? सुचलं ते सांगितलं."

"नंतर कुठे गेला?"

"मी विचारलं नाही."

"पत्र?"

"एकही नाही. माझा शब्द त्यानं ह्या एकाच वेळी ऐकला."

त्या आठवड्यात दोघी एका घरात राहिल्या आणि एकमेकींशी फक्त मिठाबद्दल आणि दाराच्या कडीबद्दल बोलल्या. शनिवारी आईनंच विचारलं, "उद्या काय सांगणार आहेस?"

"तूच सांग काय सांगू."

"मला विचारू नकोस. मी एकदा निकाल दिला, तो तुला आवडला नाही. आता तुझा तू दे."

ओब्दुलियाला रात्री झोप लागली नाही. 'खोटं' म्हणायला काय लागतं? एक शब्द. तो माणूस माझा बाप नाही, सिनेमा एकाहत्तरमधला आहे, लोकांची चूक झाली. मनोऱ्याचा पुरावा आहे, कोणी हूं की चूं करणार नाही. क्रिस्पुलोला समाधान मिळेल, आई ऐंशीव्या वर्षी तोंड लपवण्यापासून वाचेल. खाटेच्या निकालावर कोणी शंका घेतली नव्हती, ह्यावरही घेणार नाही. आणि बाप? बाप असलाच तर त्र्याऐंशी वर्षांचा असेल. नदीपलीकडे कुठंतरी. 'खोटं' म्हटलं की तो पुन्हा एकदा बुडाला, आणि ह्या वेळी बुडवणारी ती.

रविवारी दहा वाजता तिनं माईक सुरू केला. 

"गेल्या आठवड्यातली गोष्ट. सिनेमातला माणूस ओब्दुलिया वेरोनचा बाप आहे. तपासलं. निकाल, खरं." तिनं पुढचा कागद घेतला. "सिनेमा अडुसष्टमधला आहे, हे खोटं. तो एकाहत्तरमधला आहे. मनोरा बघा. आणि लिसांद्रो वेरोन एकोणसत्तरमध्ये नदीत बुडाला, हेही खोटं. तो स्वतः निघून गेला. दोन वर्षांनी परत आला होता, पण त्याला परत घेण्यासारखं त्यानं काही ठेवलं नव्हतं. माझ्या आईला ज्यांनी त्या दिवसांत भरवलं, त्यांना मी सांगते, ती तुमच्यासमोर खोटं रडली नव्हती. तिला कोणी काही विचारायचं नाही. विचारायचं असेल तर मला विचारा."

फोन वाजला. क्रिस्पुलो होता.

"बाई," तो म्हणाला, "मला हे नको होतं हो. मला वाटलं, दुसराच कोणी निघेल. माझ्या खाटेसारखं."

"गोष्ट तुम्ही चांगली दिलीत, क्रिस्पुलोदादा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिला त्याच्यावर रागवायलाही सवड नव्हती. "आता एक गोष्ट राहिली. लिसांद्रो वेरोन जिवंत आहे का? निकाल, माहीत नाही. आपला रेडिओ पलीकडेही ऐकू जातो. लिसांद्रो वेरोन, वय त्र्याऐंशी, मूळ गाव पुएर्तो लापाचो. कोणाला ठाऊक असेल तर इथं फोन करा." तिनं नंबर सांगितला. पुन्हा सांगितला.

फोन गप्प होता. दोन मिनिटं रेडिओवर नुसती खरखर गेली. एरवी 'मीटरवरच्या बाटलीला झाकण हवं की नको' विचारायला रांग लावणारं गाव आज श्वास धरून बसलं होतं. मग फोन वाजला. पलीकडे आधी खोकला ऐकू आला.

"हॅलो? हे लागलंय का?"

ओब्दुलियाला आवाज ओळखायला क्षणभर लागला. इतक्या वर्षांत आईनं कार्यक्रमात कधी फोन केला नव्हता. "लागलंय. सगळे ऐकतायत, आई."

"ऐकू देत. तू नाव चुकीचं सांगतेयस."

"म्हणजे?"

"लिसांद्रो वेरोन म्हणून शोधशील तर सात जन्मांत सापडायचा नाही. त्याचे कागद सदऱ्याच्या खिशात माझ्याकडेच राहिले. जाताना तो भावाचे कागद घेऊन गेला होता, वारलेल्या अनास्तासियोचे. परसदारात त्यानंच मला दाखवले. तिकडे त्याला सगळे अनास्तासियोच म्हणत असणार. आणि आमदाबाई नावाच्या कोणा बाईचा उल्लेख निघाला, तर घाबरू नकोस, तीच ती, पलीकडची."

"हे तू मला घरी का नाही सांगितलंस?"

"घरी तू विचारलंस कुठे? नुसती ओरडत होतीस." पुन्हा खोकला. "लिहून घेतलंस का? अनास्तासियो वेरोन. आणि सापडला तर म्हणावं, पोरीला भेटून जा. मी आड येणार नाही."

फोन ठेवल्याचा आवाज आला. ओब्दुलियानं मनगटानं डोळे पुसले, कागद जवळ ओढला आणि माईकवर नवं नाव सावकाश, एकेक अक्षर करत वाचलं.